दोन ते चारची नोंद

मुलुंड पूर्व
३ जानेवारी २०२५

ती. दादास,
नंदाचा जय भीम.

पत्र बघून तू दचकशील. फोन असताना ही बाई कागद कशाला खराब करते, असं वहिनीला म्हणशीलही. पण फोनवर तुला एक विचारलं की तू तिसरंच सांगत बसतोस, म्हणून लिहिते.

नवीन काम लागल्याचं तुला माहीत आहे. चोवीस तासांची ड्युटी, महिन्यात दोन सुट्ट्या. पेशंट अलमेलू अम्मा, वय एक्क्याऐंशी, तमिळ. बिल्डिंग नवी आहे, आमचं घर अकराव्या मजल्यावर. आधी इथे चार मजल्यांची जुनी सोसायटी होती, त्यात अम्मा चाळीस वर्षं तिसऱ्या मजल्यावर राहिल्या. आता त्यांना सकाळचं दुपारी आठवत नाही. माझ्याशी हिंदीत बोलतात, तेही अर्धं. मुलगी विद्या कॅनडात. ती स्वभावाने चांगली आहे, त्याच्यामुळेच टेन्शन आहे.

एक तारखेपासून तिने वही सुरू करायला सांगितली. रोज एक पान, इंग्रजीत. अम्मांनी काय खाल्लं, गोळ्या कधी घेतल्या, किती चालल्या, किती झोपल्या. रात्री आठला फोटो पाठवायचा. तो ती डॉक्टरांनाही दाखवते. मी पहिल्याच दिवशी लिहिलं, ‘अम्मा ईटेड इडली’. विद्या फोनवर हसली, मग सॉरी म्हणाली. ते सॉरी मला जास्त लागलं. एजन्सीच्या मॅडम सरळ बोलल्या, मार्चपर्यंत वही जमली नाही तर बारावी झालेली बाई देऊ. मी नववी.

दादा, मला हे काम सोडायचं नाही. अम्मा मला ‘नंदम्मा’ म्हणतात. झालेली गोष्ट इंग्रजीत कशी सांगायची ते शिकव.

नंदा


घाटकोपर पूर्व
६ जानेवारी २०२५

चि. नंदास,
जय भीम.

योग्य माणसाला विचारलंस. तरी पहिली अट ऐक. यातलं काहीही मोबाइलवर चालणार नाही. मोबाइलवर तू ‘ईटेड’ लिहिलंस तर तो स्वतःच दुरुस्त करतो, मग शिकला मोबाइल, तू कुठे शिकलीस? तू कागदावर लिहून पाठव. मी लाल पेन्सिलीने तपासून परत पाठवीन. घाटकोपर-मुलुंड टपालाला तीन दिवस लागतात. तेवढ्या वेळात शिकलेलं मुरतं.

मी इंग्रजी कुठे शिकलो ते तुला माहीत आहे, तरी पुन्हा लिहितो, कारण त्यात पद्धत आहे. त्र्याण्णव साली कंपनीच्या पंप हाउसला लागलो तेव्हा माझं इंग्रजी म्हणजे ए ते झेड. तिथे लॉगबुक असायचं. दर तासाला एक नोंद. ‘पंप नंबर तीन स्टार्टेड. व्हॉल्व्ह क्लोज्ड. बेअरिंग चेक्ड, फाउंड नॉर्मल.’ जेवणाच्या सुट्टीत मी जुन्या रजिस्टरांची पानं उतरवून काढायचो. फुटपाथवरून डिक्शनरी आणली, शाईचं पेन घेतलं. क्लासचं तोंड पाहिलं नाही. परिणाम असा, की उद्या काय करणार हे मला आजही इंग्रजीत धड सांगता येत नाही. काल काय केलं ते मात्र इंजिनिअरच्या वर चोख सांगतो. कारण लॉगबुकात उद्या नसतोच. आणि सव्वीस वर्षांत माझ्या हातची एकही नोंद खोटी निघाली नाही, हेही तिथे कुणालाही विचार.

आता धडा. साध्या क्रियापदाला शेवटी ईडी लागतो. पण तो तीन आवाजांत बोलतो. मी वीस वर्षं ‘चेकेड’, ‘वॉशेड’ म्हणत होतो. एक ट्रेनी पोरगी हसली तेव्हा कळलं. हे पुस्तकात असेल, मी स्वतः शोधलं. गळ्यावर दोन बोटं ठेव. क्रियापद म्हणताना शेवटच्या अक्षराला गळा थरथरला, तर ईडीचा ‘ड’ होतो: ओपन, ओपन्ड. थरथरला नाही तर ‘ट’: वॉश, वॉश्ट. लिहिताना मात्र दोन्हीकडे ईडीच. आणि शेवटी टी किंवा डी आधीच बसलेला असेल तरच पूर्ण ‘एड’: स्टार्टेड. पंचवीस क्रियापदं सोबत लिहिली आहेत. बोटं ठेवून म्हण.

तुझा
भाऊराव


मुलुंड पूर्व
१० जानेवारी २०२५

ती. दादास,
जय भीम.

तुझ्या बोटांनी इथे मजा झाली. मी हॉलमध्ये बसून गळ्याला हात लावून ‘कुक्ट, क्लीन्ड, वॉक्ट’ करत होते. अम्मांनी थोडा वेळ बघितलं आणि आपलाही गळा धरला. मी ‘ओपन्ड’ म्हटलं की त्या ‘ओपन्ड’. दोघी गळे धरून बसलोय तेवढ्यात दूधवाला आला. त्याने विचारलं, “खांसी है क्या दोनों को?”

ईडीवाली जमली. पण माझ्या कामाची त्यात कुठे आहेत? मला रोज लागतात खाणं, पिणं, झोपणं, उठणं, बसणं. ती एकही तुझ्या रांगेत उभी राहत नाहीत. ईट-एट, ड्रिंक-ड्रँक, स्लीप-स्लेप्ट. प्रत्येकीचं वेगळं नाटक. हे असं का? पाठ करीन, पण आधी का ते सांग. सोबत आजचं पान उतरवून पाठवते.

अम्मा परवा मला विचारत होत्या, “घर कब जायेंगे?” मी म्हटलं, “अम्मा, हेच घर.” त्यांनी खिडकीतून खाली बघितलं आणि म्हणाल्या, “इतना ऊपर?”

नंदा


घाटकोपर पूर्व
१६ जानेवारी २०२५

चि. नंदास,
जय भीम.

पान मिळालं. सात चुका. लाल खुणा बघ.

‘का’ म्हणून विचारलंस. मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. तीन दिवस डोकं त्यातच. शेवटी माझ्याकडे पंप हाउसची जी उतरवलेली पानं आहेत ती काढली आणि मोजलं. लॉगबुकातल्या एकशे चाळीस क्रियापदांत वाकडी फक्त अकरा. तुझ्या एका पानावर नऊ. मग लक्षात आलं. ओपन, क्लोज, चेक, पंप, टाइटन, रिपेअर, ही सगळी कामावरची माणसं, गणवेश घालून येतात. खाणं, पिणं, झोपणं, येणं-जाणं, देणं-घेणं, विसरणं, ही घरातली. हजारो वर्षं रोज प्रत्येकाच्या तोंडातून गेलेली. विहिरीच्या काठावर दोर घासून खाच पडते ना, तशी वापराने त्यांना खाच पडली असावी. आणि रोजची असल्यामुळे कुणी विसरलं नाही, म्हणून ती खाच टिकली. जे क्वचित लागतं ते माणूस विसरतो, आणि मग सरळ ईडी लावून मोकळा होतो. नवा शब्द आला की बघ, ‘गूगल’चं ‘गूगल्ड’. त्याला नखरे करायची सोयच नाही. खरं-खोटं जाणकार जाणोत, मला पटलं.

तर घरातली चाळीस क्रियापदं सोबतच्या तक्त्यात आहेत. एक वेळ ठरव. रात्री तू थकतेस, सकाळी गडबड. दुपारी अम्मा झोपल्या की दोन ते चार, दोन तास स्वयंपाकघरात दार लोटून बस, म्हणजे त्यांची झोपमोड होणार नाही. रोज. एक दिवसही चुकवायचा नाही.

‘इतना ऊपर’ वाचून वहिनी हसली. मग म्हणाली, त्यांचं चुकलं काय?

भाऊराव


मुलुंड पूर्व
९ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
जय भीम.

आता तुझी जिरवते. तुझी ती विहिरीची खाच मी भांडी घासताना घोळवत होते आणि एकदम तुझी दीप्ती आठवली. तीन वर्षांची होती तेव्हा म्हणायची, ‘मी बाहेर जाली’, ‘मी करलं’. आपण हसायचो. दादा, आपल्यातही तसंच आहे. उघड-उघडलं, तपास-तपासलं, पुस-पुसलं, ही सरळ. आणि जा-गेली, ये-आली, कर-केलं, दे-दिलं, खा-खाल्लं, मर-मेला. घरातली सगळी वाकडी. इंग्रजांचंच काय घेऊन बसलास. आयुष्यभर बोलतोय आणि कुणाला दिसलं नाही. तुलाही नाही.

दुसरी गोष्ट. तुझा तक्ता मी रोज दोन ते चार करते. चाळीसच्या चाळीस पाठ. विद्या म्हणाली, “नंदाजी, आपकी इंग्लिश तो एकदम झकास हो गयी.” हे झकास ती मुलुंडमध्ये वाढली म्हणून. मॅडमही गप्प. पहिली वही काल संपली. फोटो सगळे तिकडे गेलेत, म्हणून मूळ वही तुला पाठवते. शेवटची तीन आठवड्यांची पानं बघ, लाल पेन्सिल लागणार नाही.

अम्मांचे पाय संध्याकाळी सुजतात, गुडघेही धरतात. डॉक्टरांनी विद्याकडून वहीची पानं बघितली. म्हणाले, दुपारभर पडून असतात, चालणं हॉलपुरतं, तरी सूज येते म्हणजे हृदयाचं बघायला हवं. सहा मार्चला तपासणी, त्यानंतर एक गोळी कायमची चालू करायची म्हणतात. जड गोळी आहे, तिने गळल्यासारखं होतं. बघू.

नंदा


घाटकोपर पूर्व
१४ फेब्रुवारी २०२५

चि. नंदास,
जय भीम.

जा-गेली वाचलं. दोन दिवस मला बरं वाटलं नाही, कारण ते मला दिसायला हवं होतं. मान्य करतो. मी वहीत तुझ्या नावाने लिहून ठेवलं आहे.

आता तुझ्या वहीबद्दल. वीस जानेवारीपासून पुढे खरोखरच लाल पेन्सिल लागली नाही. म्हणून मी पानं पुन्हा बघितली, आणि ती बघताना क्रियापदं बघितली नाहीत.

माणसाचं अक्षर दिवसभर एक राहत नाही. सकाळी आठला ते ओळीवर बसतं, संध्याकाळी खाली झुकतं. तुझी पहिली एकोणीस पानं तशीच आहेत. सातच्या जेवणाची ओळ थकलेली, एकदा तर आमटीचा डाग. वीस तारखेपासून इडलीची ओळ आणि रात्रीच्या ताकभाताची ओळ एका दमातली. तोच दाब, तोच उतार, तीच शाई. आणि रोज ‘अम्मा स्लेप्ट टू टू फोर’. रविवारी तेच, प्रजासत्ताक दिनी खाली लाउडस्पीकर लागला असणार तरी तेच. एक्क्याऐंशी वर्षांची बाई वीस दिवस दोनच्या ठोक्याला झोपते आणि चारच्या ठोक्याला उठते. माझे पंपसुद्धा इतके वेळेवर नव्हते.

सरळ विचारतो. तू पान सकाळीच भरून ठेवतेस का? रागावण्यासाठी विचारत नाही. रिकामी जागा चालते. रिकाम्या जागेवरून निदान कळतं की इथे कुणी पाहिलेलं नाही.

भाऊराव


मुलुंड पूर्व
२० फेब्रुवारी २०२५

दादा,

हो, भरते. सकाळी डोकं ताजं असतं, स्पेलिंग चुकत नाही. रोज तेच खाणं, त्याच गोळ्या. काही वेगळं झालं तर शेवटी एक ओळ टाकते. तूच क्रियापद बरोबर हवं म्हणून सात-सात खुणा केल्यास, आता बरोबर आलं तर अक्षर का झुकलं नाही म्हणून विचारतोस.

सगळ्यांनाच तुझ्यासारखं सव्वीस वर्षं एकही नोंद खोटी नाही, असं जमत नाही. आम्ही साधी माणसं.

नंदा


मुलुंड पूर्व
२६ फेब्रुवारी २०२५

दादा,

तुझं उत्तर आलं नाही, माझ्या त्या पत्रावर येणारही नाही. हे वाचून फोन करू नकोस. बोलायला गेले तर रडेन आणि अम्मा घाबरतील. लिहून सांगते.

काल सकाळी साडेदहाला बेल वाजली. दारात तिसऱ्या मजल्यावरची नीलमभाभी. गुजराती आहे, माझ्याएवढीच असेल. हातात अम्मांचा चष्मा. म्हणाली, “अम्मा कल भूल गयी थी.”

मी म्हटलं, “कल? कहाँ?”

“हमारे यहाँ. रोज तो आती है ना. मुझे लगा आपही भेजते हो, उनका मन लगे इसलिए.”

दादा, मी तिला आत बोलावून सगळं विचारलं. उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, झाल्यावर आठवड्याभराने त्या पहिल्यांदा आल्या, असं ती म्हणाली. दुपारी दोननंतर. मी स्वयंपाकघरात दार लोटून ‘स्लीप-स्लेप्ट, गो-वेंट’ करत असते, एग्झॉस्टचा पंखा चालू. अम्मा उठतात, सेफ्टी डोअरची कडी काढतात आणि जिन्याने खाली जातात. जुन्या बिल्डिंगीत लिफ्ट नव्हती, त्यामुळे लिफ्ट त्यांच्या ध्यानातच येत नाही. अकरापासून तीनपर्यंत आठ मजले. तिसऱ्या मजल्याची पाटी बघून थांबतात, नीलमची बेल वाजवतात आणि आपल्याच घरात आल्यासारख्या खुर्चीत बसतात. नीलम कॉफी करते, तर अम्मा उठून नीलमलाच देतात. “बैठो, थक गयी होगी.” पावणेचारला नीलम त्यांना लिफ्टमध्ये घालून अकराचं बटण दाबते. मी चारला बाहेर येते तेव्हा अम्मा बिछान्यावर. दमलेल्या. मला वाटायचं, गाढ झोप झाली.

पाय का सुजतात ते आता कळलं ना?

नीलम गेल्यावर मी वही उघडली. परवाच्या पानावर होतंच, ‘स्लेप्ट टू टू फोर’. आणि कालच्या पानावरही, कारण ते सकाळी आठलाच लिहून झालं होतं.

कालपासून दोन वाजता दाराला वरचा बोल्ट लावते. अम्मा पर्स घेऊन दारापाशी उभ्या राहतात. काल सव्वा तास उभ्या होत्या. म्हणाल्या, “नंदम्मा, दरवाजा खोलो, बच्ची स्कूल से आयेगी.” कालच्या पानावरची दोन ते चारची ओळ मी काळ्या पेनाने पूर्ण मिटवली.

सहा मार्चला तपासणी आहे. डॉक्टर त्या पानांवरूनच गोळी देणार. खरं सांगितलं तर काम जाईल. एजन्सी दुसरीकडेही लावणार नाही. सांगितलं नाही तर अम्मा माझ्या अक्षरामुळे ती गोळी खातील. विद्याला लिहायचंय. इंग्रजीत कसं लिहू ते सांग. असं लिही की खोटं नसेल, पण मी फार वाईटही दिसणार नाही.

नंदा


घाटकोपर पूर्व
१ मार्च २०२५

चि. नंदास,
जय भीम.

तू मागितलंस तसं लिहिता येतं. मला ते उत्तम येतं. लॉगबुकाची भाषा त्यासाठीच असते. ‘द डोअर वॉज फाउंड ओपन. द पेशंट वॉज नॉट ऑब्झर्व्ह्ड.’ दार उघडं सापडलं, पेशंटकडे पाहिलं गेलं नाही. कुणाचं नाव नाही. दार आपोआप उघडलं आणि न पाहणाराही कुणी नव्हता. तीन ओळी सुरेख झाल्या होत्या. वहिनीला वाचून दाखवल्या. तिला इंग्रजी येत नाही, मी अर्थ सांगितला. तिने विचारलं, “मग नंदा कुठे होती?” मी कागद फाडला.

आता जे लिहितो ते इतकी वर्षं वहिनीलाही सांगितलं नव्हतं. काल सांगितलं.

दोन हजार सहा. माझी पहिली पाळी, सात ते तीन. दर तासाला बेअरिंगला हात लावून, थर्मामीटर बघून नोंद करायची. शेवटची तीनची. मी तीनची नोंद दोनला करून ठेवायचो. कारण तू विचारणार म्हणून सांगतो. मधला तास मी कोपऱ्यात डिक्शनरी घेऊन बसायचो. याच क्रियापदांसाठी, जी तुला तक्ता करून दिली. रोजच नॉर्मल असायचं, मग बघायचं काय? त्या दिवशीही लिहिलं, ‘बेअरिंग चेक्ड, फाउंड नॉर्मल’. तीनला धोंडूने चार्ज घेतला. धोंडू सावंत, मालवणचा, तुझ्या लग्नात पंक्तीला वाढत होता तो. तीन वाजून वीस मिनिटांनी पंप जाम झाला. बेअरिंग तासभर तरी तापत असणार. चौकशीत लॉगबुक उघडलं. तीन वाजता नॉर्मल, भाऊराव पगारे यांची सही. म्हणजे बिघडलं ते पुढच्या वीस मिनिटांत, धोंडूच्या हातात. त्याला मेमो मिळाला, चार्जहँडची, म्हणजे पाळीच्या मुख्याची, ठरलेली जागा गेली. ती नंतर मला मिळाली.

इंग्रजी सुंदर होतं, साहेब चौकशीत म्हणालाही. मी खाली बघितलं. तेव्हा बोलायला दोन मिनिटं लागली असती. एकोणीस वर्षं झाली.

तुझं अक्षर मी ओळखलं ते हुशारीने नव्हे. माझ्याकडे तसली पानं होती. ‘एकही नोंद खोटी निघाली नाही’ असं मी तुला लिहिलं होतं. ‘निघाली नाही’ एवढंच खरं आहे. आणि दार लोटून बस, हेही मीच लिहिलं होतं. विद्याला ते सांगायचं असेल तर सांग.

तुला वाक्य देत नाही. तुला चाळीस क्रियापदं येतात, त्यात सगळं बसतं.

भाऊराव


मुलुंड पूर्व
९ मार्च २०२५

ती. दादास,
जय भीम.

तुझं पत्र चार तारखेला मिळालं. दोनदा वाचलं. धोंडूदादा माझ्या आठवणीत आहेत, जिलबी वाढताना ताटात तीन टाकायचे. त्याबद्दल मी काही बोलत नाही, तुझं तू बघ.

त्याच संध्याकाळी पान लिहिलं. साडेसातला, अम्मा जेवल्यावर. उतरवून पाठवते.

‘अम्मा डिड नॉट स्लेप्ट. शी वेंट टू थर्ड फ्लोअर बाय स्टेअर्स. मेनी डेज. आय वॉज इन किचन. आय डिड नॉट सी. आय रोट स्लेप्ट इन मॉर्निंग. नीलमभाभी गेव्ह कॉफी. अम्मा सॅट इन चेअर. शी थॉट इट वॉज होम.’

आठला फोटो पाठवला. आठ वाजून चार मिनिटांनी फोन. हे तुझ्यासाठी लिहिते, तुला मिनिटं लागतात.

विद्याने विचारलं, “कितने पेजेस, नंदाजी?”

मी मोजून ठेवले होते. “सैंतीस.”

तिने तो आकडा परत म्हटला. मग म्हणाली, “आठ मंजिल. गिर जाती तो?” मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मग तिने भलतंच विचारलं. “नीलमजी को अम्मा किस नाम से बुलाती है?”

मी नीलमला विचारलेलं होतं. खरं ते सांगितलं. “विद्या.”

तिकडे रडू ऐकू आलं. इकडे मी.

डॉक्टरांना तिने रात्रीच फोन केला. तपासणी सहा तारखेला झाली, हृदय ठीक आहे, गुडघे झिजलेत. गोळी नाही. माझ्याबद्दल विद्या म्हणाली, “मार्च रहो. उसके बाद सोचूँगी.” मॅडम बोलायच्या ते बोलल्या. एकतीस तारखेला काय होईल ते एकतीसला लिहीन.

सध्या दोनला मी अम्मांना लिफ्टने खाली नेते. नीलमची हरकत नाही, उलट परवा उशीर झाला तर तीच वर आली. वही बरोबर नेते. अम्मा खुर्चीत, मी जमिनीवर. जे झालं ते तिथेच लिहिते. काल अम्मांनी नीलमला गळ्यावर बोटं ठेवायला लावली आणि ‘ओपन्ड’ म्हणायला शिकवलं.

अक्षर वाकडं येतंय.

नंदा


घाटकोपर पूर्व
१७ मार्च २०२५

चि. नंदास,
जय भीम.

पान वाचलं. पेन्सिल उचलली नाही.

काल रविवारी बोरीवलीला गेलो. धोंडू आता मुलाकडे असतो, स्टेशनच्या पश्चिमेला, दुसरा मजला. सून मानसी, तिने दार उघडलं. धोंडू खिडकीशी बसून कोकम निवडत होता. मला बघून उठला नाही, गुडघ्यांचं त्याचंही तेच. म्हणाला, “पगारे, वाट चुकलंस?”

मी उभ्याउभ्याच सांगितलं. बसलो असतो तर चहा आला असता, मग राहून गेलं असतं. तीनची नोंद मी आधीच लिहिली होती, बेअरिंगला हात लावला नव्हता, मेमो माझा होता. सगळं मराठीत. घरून चार वाक्यं जुळवून नेली होती, त्यातलं एकही आलं नाही.

तो कोकम निवडत राहिला. मग म्हणाला, “माका तेव्हाच कळला होता.”

मी विचारलं, कसं? तर म्हणाला, चार्ज घेताना त्याने सवयीने तुझ्या दादाच्या नोंदीवरून बोट फिरवलं. बाकी सगळे बॉलपेनवाले, मी एकटा शाईचा. तीनची शाई तीन वाजता हाताला लागायला हवी. ती खडखडीत सुकली होती.

“मग साहेबाला का नाही सांगितलंस?”

“तू सांगशीत म्हणान वाट बघी होतंय.”

मी खाली बसलो. मानसी आतून बघत होती. मग धोंडूने विचारलं, “ता लिव्हलंस कितीक वाजता?”

“दोनला.”

त्याने हातातलं कोकम ताटात ठेवलं. “दोन? मी एवढी वर्सां अडीच धरून चाललंय. तुझी शाई सुकाक येळ लागता.” आणि मान हलवत राहिला, त्या अर्ध्या तासाचा नवा राग आल्यासारखा. मग आत वळून म्हणाला, “मानसी, च्याय टाक गो. हेका साखर कमी.”

साखर कमी हे त्याच्या लक्षात होतं. चहा आला तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. घड्याळात बघून लिहितोय.

भाऊराव